फ्रीजवरचा प्रोटीनचा डबा

मी बोलतोय तो फ्रीजच्या डोक्यावरून. काळा, दोन किलोंचा, सोनेरी झाकणाचा प्रोटीन पावडरचा डबा आहे मी. माझ्या पोटावर फुगलेल्या दंडांचा एक माणूस छापलाय. त्याला मान नाही. त्याच्याकडे बघून मला विकत घेणाऱ्यांना डोकं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं कूळही सांगून टाकतो. चीज करताना उरलेलं दुधाचं पाणी सुकवून केलेली भुकटी आणि वर चॉकलेटचा वास.

चंडीगडच्या एका दुकानात मी उभा होतो. तिथे विनायकराव आले. सरकारी विमा कंपनीतले अधिकारी, अकोल्याहून बदली झालेले, वय त्रेपन्न. मोबाइलवर व्हिडिओ बघून घरीच व्यायाम सुरू केल्याला चार दिवस झाले होते. दुकानदार म्हणाला, "सर जी, आपकी बॉडी में तो पक्का दम है." एवढ्यावर माणूस विरघळला. 'किडनीचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारा' हे माझ्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलंय. ते वाचायला त्यांना वेळ नव्हता.

घरचा व्यायाम म्हणजे दहा वेळा डंबेल्स उचलायचे आणि पंधरा मिनिटं आरशात बघायचं. मग माझे दोन चमचे, तेही शिगोशीग. सांगितलाय एक. पिऊन झालं की बायकोला हाक, "शैलजा, ग्लास विसळून ठेव गं."

खरी मेहनत शैलजा करायची. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाजी, दळण, सगळं तीच वर आणी. सगळ्यांचं आटोपल्यावर पोळी आणि लोणचं घेऊन ओट्याशी उभ्यानेच जेवे. फ्रीजवरून मला पातेली दिसतात. ती तोवर रिकामी झालेली असत.

एकदा त्यांची कॉलेजातली लेक चिन्मयी म्हणाली, "पापा, मम्मी को भी दो ना."

विनायकराव हसले. "तिला काय कुस्ती खेळायचीय?"

मला हात असते, तर मी माझं झाकण त्यांना फेकून मारलं असतं.

एका दुपारी दळणाची पिशवी घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावर शैलजाचा तोल गेला. पडली. मनगट मोडलं. तळमजल्यावरच्या डॉक्टर देवयानी साताऱ्याच्या. त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून घेतलं, रक्त तपासायला दिलं. विनायकराव म्हणाले, "माझंही तपासा. तब्येत किती सुधारलीय ते कळेल."

दोन दिवसांनी देवयानी दोघांचे रिपोर्ट घेऊन वर आल्या.

"विनायकराव, तुमच्या किडन्या आधीच थकल्यात. हा डबा आजपासून बंद. सोमवारी तज्ज्ञांना दाखवायचं."

विनायकरावांचा चेहरा पडला. देवयानी शैलजाकडे वळल्या. "वहिनी, तुमच्या अंगात ताकदच राहिली नाहीये. तुम्ही जेवता काय?"

शैलजाने जरा विचार केला. "उरेल ते," म्हणाली.

मग विनायकरावांनी माझ्याकडे बघितलं. "मग हा डबा हिलाच दिला तर?"

"चालेल. दिवसाला एक चमचा. पण आधी डाळ, अंडी, दही. डबा म्हणजे जेवण नव्हे."

माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं.

प्लास्टर सहा आठवडे होतं. स्वयंपाक साहेबांवर आला. पहिल्याच दिवशी कुकरमध्ये पाणी घालायला विसरले. शैलजा मात्र देवयानींनी शिकवल्याप्रमाणे रोज खुर्चीवरून उठायची, बसायची. आधी पाचदा, मग वीसदा. आरशात एकदाही बघितलं नाही.

काल विनायकरावांनी मला हलवून बघितलं. "संपत आला. दुसरा आणू का?"

"नको." हाताचा आधार न घेता ती खुर्चीतून उठली. "अंडी आणा. आणि अहो, यापुढे मी मागाहून जेवणार नाही. तिघांची ताटं एकदम वाढा."

साहेबांनी वाढली. भात कमी पडला, तो त्यांनाच.

उद्या मी भंगारात जाईन. दुःख नाही. तुम्ही माझ्या भावंडांपुढे निवड करत उभे राहाल, तेव्हा आधी घरी फोन लावा आणि विचारा, दुपारी कोण काय जेवलं. तेवढंही जमणार नसेल, तर खुशाल डबा उचला. तुमची लायकी तेवढीच.