पुढची सीट

"खड्डा! आणि लगेच दुसरा!" मी ओरडले.

"तीन आहेत," मागून मुकुंद म्हणाला. "ठाकुरपुकुर आलं वाटतं."

आलंच होतं. पुरीहून निघालेली आमची दोघांची सायकल, लाँचमध्ये चढून नदी ओलांडून, आज शेवटच्या दिवशी आमच्या बेहालात शिरत होती. बेहालातल्या एका अंधशाळेतल्या मुलांना अशाच दोन सीटच्या सायकली मिळाव्यात, म्हणून पंचवीस-तीस जणांनी देणग्या जमवायला हा खटाटोप मांडला होता. त्यात वयाने सगळ्यात मोठे आम्हीच. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि तरी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

मुकुंदची नजर पन्नाशीत हळूहळू गेली. तेव्हापासून पुढच्या सीटवर हँडल धरून मी आणि मागे तो. पायडल दोघांनी मारायची, रस्ता मी सांगायचा. चढ, कुत्रा, ब्रेक, डावीकडे.

पुरीपासून त्याने एकच धोशा लावला होता.

"कमल, शाळेच्या मैदानात हँडल मला दे. एकच फेरी."

"आणि पडलास तर?"

"मैदानात पडून कोण मरतं?"

"जिन्यात मनगट कुणी मोडून घेतलं होतं?"

असं बोलून मलाच वाईट वाटायचं. लग्नानंतर साताऱ्यात मला सायकल शिकवली ती त्यानेच, कॅरिअर धरून मागे धावत. त्याच माणसाला माझ्याकडे हँडल मागावं लागत होतं, आणि मी देत नव्हते. भीती वाटायची, दुसरं काही नाही.

मेट्रोचा पूल डोक्यावर आला तसे हॉर्न घुमायला लागले. पुढे क्लबची पोरं ढाक बडवत रस्त्यातच उभी! आमच्याच पाड्यातली, शेजारपाजारची ती. "कमलदी! मुकुंददा!" असा एकच गिल्ला झाला. कुणी गळ्यात हार टाकला आणि एका बाईने चालत्या सायकलीवर माझ्या तोंडात संदेश मिठाईचा अख्खा तुकडा कोंबला. मी खुशीत मान डोलावली, आणि तेवढ्यात डावीकडून एक ऑटो आडवी आली.

ओरडायला तोंड मोकळं होतं कुठे? पण मी ब्रेक दाबायच्या आधीच पायडलं थांबली होती. मुकुंदने थांबवली होती.

"ऑटो होती ना?" तो म्हणाला. "तू का बोलली नाहीस?"

मी कसाबसा घास गिळला. "संदेश खात होते."

तो इतका हसला की सायकल हलायला लागली. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षं याला रस्ता मीच दाखवते, असं मी धरून चालले होते.

शाळेच्या फाटकाशी मी पाय टेकले. "उतर."

"पोचलो?"

"सीट बदलायची आहे. लवकर, नाहीतर माझं मन फिरेल."

तो उतरला. सायकल चाचपत पुढे आला आणि हँडलच्या दोन्ही मुठी त्याने घट्ट धरल्या.

मैदानात मुलं दोन रांगांत समोरासमोर उभी होती, मध्ये वाट सोडून. धावण्याच्या शर्यतीत ती एकमेकांना अशीच टाळ्यांनी वाट दाखवतात. आमची चाकं वाजताच टाळ्या सुरू झाल्या. "एदिके! एदिके!" इकडे, इकडे.

मागे बसल्यावर कळलं की इथून काहीच दिसत नाही. घामाने भिजलेला त्याचा सदरा तेवढा समोर. सायकल आधी भेलकांडली. मी डोळे मिटले, उघडले. मग ती सरळ झाली आणि मुकुंद ओरडला, "कमल, जोरात मार!"

मी मारली. वेग वाढला, वारा लागायला लागला. मैदानाच्या टोकाला रांग वळत होती. मी वाकून पाहिलं आणि घाईने तोंड उघडलं, "डावी..."

सायकल वळलेली होती.

मी त्याच्या पाठीला कपाळ टेकवलं आणि नुसती पायडल मारत राहिले.