नानीची गुच्छी

काचीगुडा स्टेशनकडे जाताना इंदुताई खाटकाच्या दुकानापुढून नाकाला पदर लावून, मान वळवून जात. तरी व्हायचं तेच व्हायचं, आकड्याला लटकलेली, बकऱ्याच्या पोटातली जाळीजाळीची बोटी डोळ्यांना दिसायचीच. आणि आज तसलंच काहीतरी, वाळून काळपट पडलेलं, लोकरीच्या दोऱ्यात ओवून त्यांच्याच स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेलं होतं.

टांगलं होतं सुनेने. बीना चंब्याची, पहाडातली. विक्रमची आणि तिची ओळख दिल्लीच्या नोकरीत झाली. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच कॉम्प्युटर कंपनीने त्याला अमेरिकेला धाडलं. हल्ली ओळखीच्या घरोघरी हेच चाललं होतं. मुलगा विमानात आणि सून व्हिसाची वाट बघत सासूजवळ. बीना गुणाची होती, पण तोंडाला कुलूप. काम असेल तर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, काम संपलं की आपल्या खोलीत. एकदा तरी या पोरीने आपल्याजवळ बिनकामाचं बसावं, एवढीच इंदुताईंची इच्छा होती.

म्हणून तर त्यांनी आरडाओरडा केला नाही. बीना आंघोळीला गेल्यावर ती माळ चिमट्याने उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खालच्या मजल्यावर रझिया आपांच्या हातात दिली.

"हमारे घर में नई चलता जी," एवढं म्हणून त्या पुढचं न ऐकताच वर आल्या. चिमटा राखेने घासून ठेवला, वर गरम पाणी ओतलं.

दुपारी बीना खुंटीखाली उभी दिसली. मग डबे हलवू लागली, ओट्याखाली वाकून पाहू लागली.

"माँजी, यहाँ गुच्छी टंगी थी. नानी ने भेजी थी."

"गुच्छी बोले तो?"

"जंगल में उगती है, खुंबी जैसी. चूल्हे के ऊपर सुखाते हैं." बीना थांबली. "नानी को अब दिखता नहीं. ये उसकी आख़िरी है."

इंदुताईंना आता उलगडा झाला. खुंबी म्हणजे अळंबी. मांस नव्हे, काही नव्हे. त्या तशाच खाली धावल्या.

रझिया आपा खूश होत्या. "इत्ती महंगी चीज कौन देता जी आजकल! शादियों के पुलाव में बी गिन के डालते. मैं तो पूरी भिगा दी." खरा प्रकार कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि पाण्यातल्या गुच्छीसकट भांडंच इंदुताईंच्या हाती दिलं.

भांडं बघून बीनाचे डोळे भरले. एकदा भिजली की ती पुन्हा ठेवता येत नाही, हे इंदुताईंना कुणी सांगायला नको होतं. वाळवणं करण्यातच त्यांची हयात गेली होती.

"मेरा चुका," त्या म्हणाल्या. "मेरे को बोटी लगी, बेटा."

बीनाने एकदा भांड्यात पाहिलं, एकदा सासूकडे. मग ओठ दाबूनही तिला हसू आवरेना. या घरात ती पहिल्यांदाच हसत होती.

पुलाव दोघींनी मिळून केला. गुच्छी चिरता चिरता बीना बोलत सुटली. बर्फ वितळलं, आभाळ गडगडलं की नानी तिला घेऊन देवदारांखाली जायची. पाचोळ्याच्या रंगाची गुच्छी उभ्याने दिसतच नाही. "नानी कहती थी, एक मिल जाए तो वहीं बैठ जाना. बैठने से बाक़ी दिखती हैं."

इंदुताईंनी जन्मात अळंबी खाल्ली नव्हती. पहिला घास जरा भीतभीतच घेतला, मग आणखी वाढून घेतलं. एक वाडगा खाली रझिया आपांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर वाळवणापाशी बसल्या होत्या. मांडीवर नानीचा तो लोकरीचा दोरा होता, धुऊन सुकवलेला. त्यात त्या ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या देठांनी ओवत होत्या. बीना दारात येऊन उभी राहिली.

"कुछ काम है, माँजी?"

"काम नक्को. नानी को भेज रई मैं. आँखों से नई दिखा तो बी धागा हाथ को समझेगा उनके." इंदुताईंनी शेजारची चटई हाताने झटकली. "एक मिली ना कल? अब बैठ."

बीना बसली.