अर्ध्या अस्तराचा कोट

आमचं घर वर आणि दुकान खाली. मध्ये आतूनच जिना आहे, त्यामुळे आठवडाभर रस्त्याला पाय न लावता माणूस जगू शकतो, आणि मी जगतो. सासऱ्यांचं सूटच्या कापडाचं आणि शिलाईचं दुकान, त्यांची एकुलती एक मुलगी माझी बायको, आणि मी घरजावई. घरजावई म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात. हसू देत. आयतं ताट पुढ्यात आलं तरी घास गिळायला किती पाणी लागतं, ते त्यांना कुठे ठाऊक आहे.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा वाईट असते तर बरं झालं असतं, कारण वाईट माणसाला सोडून जाता येतं. पण ते स्वतःच्या ताटातला चांगला तुकडा माझ्या ताटात सरकवतात आणि मला ताप आला तर दर तासाला जिना चढून विचारपूस करतात. हट्टी आहेत ते फक्त एकाच बाबतीत. जे चुरगळत नाही तेच कापड, अशी त्यांची श्रद्धा. गिऱ्हाईक आलं की कापडाचं टोक मुठीत घट्ट आवळायचं, मूठ उघडायची आणि म्हणायचं, "बघा, एक सुरकुती दाखवा." सुरकुती नसायचीच. पॉलिस्टर होतं ते. त्यातून वाराही जायचा नाही.

दुकानाचं कापड दुकानाच्या माणसाच्या अंगावर दिसलं पाहिजे, हा दुसरा नियम. म्हणून भर उन्हाळ्यात मी जाकिटासकट सगळी बटणं लावून दाराशी उभा. पाठीला शर्ट चिकटलेला, शर्टाला जाकीट चिकटलेलं, मानेवर घामोळं, आणि तोंडावर "या, या." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कसं चाललंय असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "त्या कापडात जीव गुदमरतो." बायकोला तेच, मित्राला तेच, शिलाई बघणाऱ्या मास्टरांनाही तेच, अगदी मामांनाही तेच. माझ्या दुःखाचं नाव पॉलिस्टर आहे हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं.

मित्र आणि मी कपड्यांचं कटिंग एकत्र शिकलो. त्याने दुसऱ्या शहरात फक्त उन्हाळी सूटचं दुकान काढलं आणि मला फोन केला. "कापड निवडायचं काम तुझं. तुम्हा दोघांना पुरेल अशी खोली बघून ठेवतो. ये." मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं," आणि एका बॅगेत थोडे थोडे कपडे भरायला लागली. मी मास्टरांकडून गुपचूप एक लिननचा सूट शिवून घेतला. वाळलेल्या गवताच्या रंगाचा, आणि अस्तर फक्त खांद्यांना आणि बाह्यांना. पाठ आतून उघडी. मास्टर म्हणाले, "हे मामांना उलटं करून दाखवू नका. कोट आहे की पिशवी, असं विचारतील."

मामांना सांगायचं कसं, याचा मी पुष्कळ विचार केला होता. शेवटी ठरवलं ते असं. ज्या दिवशी दुपारची गाडी पकडायची, त्या दिवशी सकाळी लिनन घालून खाली उतरायचं. मामा बघणार, भडकणार, आवाज चढवणार, आणि त्या भांडणात मी "मी जातोय" म्हणून मोकळा होणार. मला त्यांचा राग हवा होता. रागाशिवाय मला बोलता आलं नसतं, एवढं मी स्वतःला ओळखून आहे.

उतरलो. मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तोंड उघडलं, आणि नेमके एका हॉटेलचे मॅनेजर दारातून आत आले.

"आमच्या दारावर उभा राहणारा माणूस परवा सूटमध्ये चक्कर येऊन पडला," ते म्हणाले. "पाहुण्यांसमोर. सगळ्या स्टाफला नवे सूट करायचेत."

मामांनी सवयीने मूठ आवळली, उघडली. "बघा, एक सुरकुती दाखवा."

"सुरकुतीला इस्त्री आहे हो," मॅनेजर म्हणाले. "माणूस पडला तर काय फिरवू?" मग त्यांची नजर माझ्यावर आली. "यांनी काय घातलंय?"

मी नुसतं म्हणायला हवं होतं की हे इथलं नाही. विषय तिथेच संपला असता, मॅनेजर गेले असते, मामा भडकले असते. पण कापडाबद्दल कुणी विचारलं की माझी जीभ माझी राहत नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मी मामांचं कापड मॅनेजरांच्या तोंडासमोर धरलं. "पलीकडे तळहात धरा आणि फुंका." फुंकर हाताला लागली नाही. मग मी कोट काढून पाठीकडची बाजू धरली. "आता फुंका." ती आरपार गेली तशी त्यांना हसू फुटलं.

पुढे मी सुटलोच. काउंटरवर बसणाऱ्यांना नुसतं लिनन देऊ नका, गुडघ्यामागे चुरगळतं, सुती मिसळलेलं घ्या. दारावरच्याला बारीक धाग्याची, मोकळ्या विणीची लोकर. "उन्हाळ्यात लोकर?" हो, तिच्यातून हवा खेळते, ती घाम शोषते, आणि रात्री टांगून ठेवली की सकाळी सुरकुत्या बहुतेक गेलेल्या असतात. अस्तर खांद्यापुरतं. आतून पूर्ण पॉलिस्टरचं अस्तर लावलंत तर वरचं लिनन नुसतं शोभेला. त्या दुकानात माझं एवढं कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी फार सुखात होतो.

मग मागे वळलो. मामा माझा कोट उलटा करून, तळहात लावून, त्यातून फुंकर घालून बघत होते. एकदा घातली, पुन्हा घातली.

मॅनेजर सगळं काम आम्हाला देऊन गेले. जाताना म्हणाले, "जावई लाखात एक आहे तुमचा." मामा स्टुलावर बसले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. उद्यापासून कापड तुम्ही निवडायचं. मी फक्त मान हलवणार."

त्यांच्या ओरडण्याला माझ्याकडे दहा उत्तरं तयार होती. ती सगळी वाया गेली.

मी वर गेलो. बॅग पलंगावर उघडी होती आणि बायको कपडे काढून परत कपाटात लावत होती. बातमी जिन्याने माझ्याआधी वर पोचली होती. "अहो, किती छान झालं," ती म्हणाली. इतकं हलकं मी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "आता कशाला जायचं? तुम्हीच म्हणायचात ना, त्या कापडाचाच त्रास आहे म्हणून?"

"म्हणायचो."

"मग?"

मला नुसतं हे कापड नको होतं असं नाही, मला हे घर नको होतं. मला माझ्या किल्लीने उघडणारं दार हवं होतं, माझ्या चुका माझ्याच अंगावर येतील अशी जागा हवी होती. पण हे म्हणायचं म्हणजे तिला तोंडावर सांगायचं की तुझ्या बापाच्या मायेत माझा श्वास कोंडतो. ते मी कधीच बोललो नाही. सगळं पॉलिस्टरवर ढकललं, कारण पॉलिस्टर काही उलटून बोलत नाही.

"मग काही नाही," मी म्हणालो आणि तिला साड्यांची चवड उचलून दिली.

मित्राला फोन केला. "सासरेबुवांनी शेवटी लिनन घेतलं?" तो हसला. घेतलं म्हणालो. "मग भागलं की तुझं."

आता दुकानात चारी भिंतींना लिनन, सुती आणि लोकर आहे. मामा स्वतः अर्ध्या अस्तराचा कोट घालतात आणि गिऱ्हाइकांना फुंकर मारायला लावतात. ते माझं सगळं ऐकतात. भांडायला मला काही उरलेलं नाही.

काल दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मामा माझ्याजवळ आले, त्यांनी माझी कॉलर सारखी केली आणि विचारलं, "काय जावईबापू, आता तरी मोकळं वाटतंय ना?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो, मामा."

"मग चेहरा असा का?"

"ऊन फार आहे," मी म्हणालो.

ते लगेच गेले आणि स्वतःच्या खुर्चीजवळचा पंखा उचलून त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवला.