एक साठांश सेकंद

तिने ट्रायपॉडचा एक पाय बोटभर खाली घेतला, स्क्रू आवळला आणि श्वास रोखून धरला.

"बाबा, आता हलू नका."

"हलतंय कोण? तूच मघापासून नाचतेयस."

टेबलावर पांढरं कापड, कापडावर झाकण उघडलेलं मनगटी घड्याळ, घड्याळावर बाबांचा उजवा हात आणि हातात चिमटा. खिडकीतला उजेड नेमका बोटांच्या पेरांवर पडला होता. तिने बटण दाबलं.

"झालं?"

"अजून एक."

"पासपोर्टला एक पुरतो. इथे नुसत्या हाताचे चाळीस."

बाबा जन्मभर घड्याळजी. गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं; डोळे साथ देत नाहीत म्हणाले. तेव्हापासून त्यांचे हात पूर्णवेळ तिच्याकडे कामाला होते. एक फोटो काढायचा आणि तोच सात ऑनलाइन एजन्स्यांकडे पाठवायचा. तिथून कुणी विमा कंपनीच्या पत्रकासाठी तो घ्यायचं, कुणी पाठ्यपुस्तकासाठी. दर वेळी तिच्या वाट्याला चिमूटभर काहीतरी यायचं. त्या चिमटी-चिमटीवर दोघांचं घर चालत होतं. चिरलेली सफरचंदं, रिकाम्या खुर्च्या, शेजारणीचं मांजर, सगळं तिने विकून पाहिलं होतं. खपत होते ते हे हात.

तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत.

*

पहिली एजन्सी: नाकारला. बोटं अस्पष्ट.

दुसरी: नाकारला. फोकस चुकला आहे.

तिसरी: नाकारला. कॅमेरा हलला असावा.

चौथी: उत्तर नाही.

पाचवी: नाकारला. असंच चालू राहिलं तर महिनाभर तुमचे नवे फोटो घेतले जाणार नाहीत.

सहावी: मंजूर. (सहावी काहीही मंजूर करते. सहावीवर कधी काही विकलं जात नाही.)

सातवी: नाकारला. बोटं अस्पष्ट.

*

लेन्स दुरुस्त करणाऱ्याने लेन्स उजेडापुढे धरली, फिरवली, आपल्या कॅमेऱ्याला लावून भिंतीवरच्या तक्त्याचे दोन फोटो काढले.

"ताई, लेन्स ठणठणीत आहे."

"असं कसं? तीन आठवडे सगळे फोटो परत येतायत. मी ती एकदा पाडली होती. आत काहीतरी सरकलं असेल."

"पाडली असेल. पण ती तुमच्यावर रागावलेली नाही. फोटो दाखवा बघू."

तिने लॅपटॉप उघडला. त्याने फोटो मोठा केला, आणखी मोठा, मग बोटांवरून मनगटाकडे सरकला.

"ही बाही बघा. टाका न टाका मोजून घ्या. बटणाची चारही भोकं दिसतायत. कापडाचा धागा दिसतोय. चूक लेन्सची असती तर हेही धूसर आलं असतं."

"मग?"

तो पुन्हा बोटांवर आला. तिथे थोडा वेळ थांबला.

"मॉडेल कोण आहे?"

"वडील."

त्याने लेन्सला झाकण लावलं, नीट बसलंय का ते अंगठ्याने दाबून पाहिलं आणि लेन्स तिच्या हातात दिली.

"शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं ठेवता?"

"एक साठांश. नेहमीच. कधी अडलं नाही."

"वेग वाढवा," तो म्हणाला. "हजारावर न्या."

*

जुन्या फोटोंचं फोल्डर. प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख असते, शटरचा वेग असतो. ती उलट्या क्रमाने गेली नाही, सुरुवातीपासून निघाली.

दोन वर्षांपूर्वी, मार्च. दुकानात. एक साठांश. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात, नखावरची रेषसुद्धा स्वच्छ.

त्याच वर्षी, सप्टेंबर. दुकानात. एक साठांश. स्वच्छ.

गेल्या वर्षी, जानेवारी. दुकानात. एक साठांश. चिमट्याचं टोक जरा जाड दिसतंय. तेव्हा वाटलं होतं, फोकस हुकला.

गेल्या वर्षी, एप्रिल. दुकानात. पाच फोटोंचे क्रमांक. चार खोडलेले, एक ठेवलेला. चार का खोडले होते?

मे. दुकान बंद.

पुढचे फोटो घरातले. जूनमध्ये डावा हात उजव्या मनगटाखाली आलाय. तिला ती पोझ आवडली होती. तिने कीवर्ड टाकले होते: आधार, संयम, अनुभव. तो फोटो दोनशे वेळा विकला गेला होता.

तिने लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. जूनचा फोटो बोटं पडदाभर होतील एवढा मोठा केला, आणि डाव्या अंगठ्याच्या नखाचा पांढरा पडलेला भाग बघत राहिली. केवढा जोर लावून धरलं होतं!

*

सकाळी तिने पुन्हा पांढरं कापड अंथरलं.

"आज दुसरं घड्याळ घेऊ या," बाबा म्हणाले. खिशातून त्यांनी एक जुनं घड्याळ काढलं, झाकण तिनेच उघडलं. "कंपनीचं नाव तू पुसतेस ना नंतर? मग झाकणाच्या आतला नंबरही पुस. नाहीतर तोच मुद्दा काढून परत पाठवतील तुझे शहाणे."

"कुठला नंबर?"

"हा काय. सहा आकडे. शेवटचा आठ वाटतो, पण तीन आहे."

तिने झाकण घेतलं. काही दिसेना. तिने त्याचा फोटो काढला, लॅपटॉपवर मोठा केला, आणखी मोठा केला. सहा आकडे. शेवटचा तीन.

बाबांच्या नाकावर रोजचा चष्मा होता. भिंग दुकानाच्या पेटीत होतं आणि पेटी वर्षभर माळ्यावर.

"बाबा."

"हं."

"डोळे चांगले आहेत तुमचे."

त्यांनी चिमटा कापडावर ठेवला. ठेवताना तो घड्याळाच्या कडेला लागला आणि बारीकसा, भराभर वाजला. दोघांनीही तो आवाज संपू दिला.

"डोळ्यांना काय झालंय," बाबा म्हणाले.

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार सुरू करत होतं. ती दोनदा घरघरली आणि बंद पडली.

"कुणाला दाखवलंत?"

"कुणाला दाखवायचं? तू फोटो काढत होतीस. मला वाटलं, निदान तेवढं तरी होतंय अजून." मग जरा वेळाने, "तुझे फोटो त्यामुळेच परत येतायत ना, ठमे?"

तिने शटर हजारावर नेलं, फोटो काढला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. प्रत्येक नख, प्रत्येक सुरकुती जागच्या जागी. बाबांनी मान पुढे केली.

"हा माझाच हात?"

"सेकंदाचा हजारावा भाग."

"आमचं घड्याळ सेकंदाचे पाच भाग करतं," ते म्हणाले. "मला वाटायचं तेवढे पुष्कळ झाले." त्यांनी बोटं उघडली, मिटली. "हजारात एखादा तरी स्थिर सापडणारच म्हणा. पाठव. सातही जण घेतील."

"घेतील."

तिने कॅमेऱ्याचं चाक मागे फिरवलं. पाचशे, अडीचशे, सव्वाशे, साठ.

बाबांना तो खटखट आवाज ओळखीचा झाला होता. "साठवर कशाला नेतेस? हलेल."

"हलू दे. हा विकायचा नाही."

"मग?"

"डॉक्टरांना न्यायचा."

बाबा कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मग डावा हात, जो उजव्या मनगटाखाली सरकायला निघाला होता, त्यांनी उचलून मांडीवर ठेवला.

"थांब मग," ते म्हणाले. "बाहीचं बटण उघडंय."

मांडीवरचा हात पुन्हा वर आला. बटण भोकाशी जाई, निसटे, पुन्हा जाई. ती बोट कॅमेऱ्याच्या बटणावर ठेवून उभी राहिली. पुढे झाली नाही. त्यांना जेवढा वेळ लागायचा होता, तेवढा लागू दिला.