पाण्यातली पायरी

मी एक जुनी पायरी आहे. मित्रांनो, देवळाच्या आणि शाळेच्या पायऱ्या तुम्ही रोज चढता. मी विहिरीतली होते, तीही अगदी खालची. उन्हाळ्यात पाणी आटले की माझ्या पाठीवर घोटाभरच उरे. मग माझ्यावर उभे राहूनच सगळ्या बायकांना घागर बुडवावी लागे. म्हणून मी माणसे तोंडावरून ओळखत नाही, पायांवरून ओळखते.

आमचे गाव पोलादपूरहून महाडला जाणाऱ्या रस्त्याच्या वर, डोंगराच्या उतारावर आहे. कुशाबा हा गावचा पुढारी. त्याच्या आजोबांच्या काळात गावाने ही विहीर खणली. पाथरवटाने मला काळ्या दगडातून काढले आणि पाय घसरू नये म्हणून माझ्या पाठीवर छिन्नीने बारीक खाचा मारल्या. आमच्या विहिरीचे आसपासच्या वाड्यांत फार कौतुक झाले. माझ्या शेजारच्या कोनाड्यात आसरा बसवल्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. बाळंतिणी येऊन त्यांना हळदकुंकू वाहत. पुढे पाय पडून पडून माझ्या खाचा झिजल्या, शेवाळ धरले. जात्याच्या खाचा झिजल्या की लोक वेळेवर टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने त्या पुन्हा मारतात. मला कोणी लावली नाही.

आवडी सून होऊन आली तेव्हापासूनचे तिचे पाय मला माहीत होते. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, जोडवी सैल, दगडावर वाजणारी. ती गोमाजीची बायको. गोमाजीला मात्र मी ओळखत नव्हते, कारण पुरुषाने पाणी भरायची गावात रीत नव्हती.

आणखी एका बाईचा आवाज मी रोज ऐकायची, पण तिचे पाय मी त्या विहिरीत कधीच पाहिले नाहीत. ती साळूबाई, खालच्या महारवाड्यातली. तिला विहिरीत उतरायची बंदी होती. ती वर घागर ठेवून लांब उभी राही. कोणाला दया आली तर तिच्या घागरीत वरून पाणी ओती. बहुतेक वेळा ती दया आवडीला येई.

"साळूबाय, ही घागर हाय का रांजण गो? भरतच नाय."

"बाय, तूच चिमणीवानी ओततेस. माझा काय दोष?"

दोघी हसत. ते हसणे विहिरीत घुमत खाली येई.

एकोणीसशे सत्तावीस साली शिमग्याच्या सुमारास महाडला चवदार तळ्यावर मोठी सभा झाली. ज्यांना तळ्याची बंदी होती ते लोक तळ्यात उतरून ओंजळीने पाणी प्यायले. मग तिथल्या काही लोकांनी गोमूत्र ओतून तळे शुद्ध करून घेतले, असेही कानावर आले. आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या गावात नारू उठला. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा. तो माणसाच्या पायातून फोड करून बाहेर येतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा असतो. मध्येच तुटला तर पाय सुजतो, सडतो.

कुशाबा म्हणाला, "महाडला बाटलं ते इथं आलं. ह्या साळूची घागर काठाला लागली असंल."

साळूबाईला पाणी द्यायचे बंद झाले. कुशाबा स्वतः पायऱ्या उतरून आला आणि त्याने गोमूत्राची घागर विहिरीत ओतली. तो माझ्यावर उभा होता. त्याच्या पायाला फडके बांधलेले होते. त्यातून पू गळत होता, तो माझ्या पाठीवरून पाण्यात गेला. तो कोणाला दिसला नाही. वर सगळे हात जोडून उभे होते.

आवडीच्या उजव्या घोट्यालाही फोड आला. कुशाबाची आई प्रयागबाई तिला म्हणाली, "आसरा कोपल्यात गो. पाय पाण्यात ठेवून उभी ऱ्हा, वटी भर, आग थांबल."

आवडी उभी राहिली. गार पाण्याने तिला बरे वाटले. फोड फुटला आणि त्यातून दुधासारखे काही पाण्यात पसरले. तिच्या शेजारी दुसऱ्या बायका घागरी भरत होत्या.

नारू काडीला गुंडाळलेला असतानाही तिला पाणी भरावे लागले. एका सकाळी भरली घागर उचलताना ती माझ्यावर घसरली. माझ्या पाठीवर धरायला काही उरलेच नव्हते. घागर फुटली, काडी दगडाला अडकली आणि नारू तुटला.

दुसऱ्या दिवशी दोन अनोळखी पाय माझ्यावर पडले. रुंद, भेगाळलेले, नांगरामागे चालणारे. बायका बाजूला सरल्या.

"अगो बाय, गोमाजी पाण्याला आला," एक म्हणाली. "लुगडं नाय का नेसून आलास?"

"आवडीचं हाय ना दांडीवर, तिला उठवत नाय," गोमाजी म्हणाला. "तू येतेस का नेसवायला?"

तो वाकला आणि त्याने घागर बुडवली.

त्याच आठवड्यात देवी टोचणारा डॉक्टर महाडहून आला. गोमाजीने त्याला आधी घरी नेले, मग विहिरीवर आणले. डॉक्टर काठावरून म्हणाला, "हा किडा प्यायच्या पाण्यातून पोटात जातो. वर्षभर अंगात वाढतो आणि पायातून निघतो. तो पाय पाण्यात बुडाला की किडा तिथे पुन्हा पिल्ले सोडतो. पायऱ्या बुजवा, वरून पोहऱ्याने पाणी काढा. तोवर दुहेरी फडक्यातून गाळून प्या."

"म्हंजे ह्या साळूनं कायच केलं नाय म्हणता?" कुशाबाने विचारले.

"तिचा पाय कधी पाण्यात होता का?"

उत्तर मला ठाऊक होते, पण दगडाला कोण विचारतो?

डॉक्टर गेल्यावर गोमाजी म्हणाला, "कुशाबा, बुजवूया. दगड मी वाहतो."

"डोकं ठिकाणावर हाय ना रे? पायऱ्या हायत म्हणून कोण उतरतं ते दिसतं. पोहरा झाला की कोणीपण काठाला उभा ऱ्हाईल. उद्या साळू पोहरा टाकील, मग काय करशील?"

"पाणी काढील. आणि काय करील?"

कुशाबा निघून गेला. आवडीचा पाय सडत गेला आणि पेरणीआधी ती वारली. तिची जोडवी मग कधी वाजली नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेले तेव्हा गोमाजी भर दुपारी पहार घेऊन उतरला. त्याने मला खालून उचकटले आणि दोर बांधला. वर साळूबाईचा नवरा भागोजी दोर ओढत होता. त्याने विहिरीत पाऊल टाकले नाही. गोमाजी बाकीच्या पायऱ्याही काढणार होता. पण मी काठावर आले तोवर गाव गोळा झाले. पहार काढून घेतली. गोमाजीला वाळीत टाकले, त्याला विहीर बंद केली. मला काठावरच टाकून माझ्या जागी दुसरा दगड बसवला आणि सगळे पुन्हा पाण्यात उभे राहिले.

गोमाजीला आता पाणी कुठे मिळणार? महारवाड्याखाली ओढ्याला उन्हाळ्यात थेंबथेंब झिरपणारा एक झरा होता. तिथे त्याने आणि भागोजीने लहानशी विहीर खणली, दगडांनी बांधली आणि मला तिच्या काठाला बसवले. आत उतरायला वाट ठेवली नाही. माझ्यावर उभे राहून पोहरा सोडायचा. माझी पाठ आता कोरडी असते. साळूबाईचे पाय मी तिथे पहिल्यांदा पाहिले. टाचेला नारूची जुनी जखम होती. तेच पाणी तीही प्यायली होती ना.

त्यानंतर एकदोन उन्हाळ्यांत हे पाणी पिणाऱ्यांत नारू दिसेनासा झाला. वरच्या गावात तो दर उन्हाळ्यात येतो. लोक लंगडत शेजारच्या वाटेने जातात. परवा कुशाबाही काठी टेकत गेला. ऊन कडक होते. तो थांबून माझ्याकडे पाहत राहिला.

"देऊ का पाणी?" गोमाजीने विचारले.

कुशाबाने कोरडे ओठ पुसले आणि पाणी न घेताच तो वर मोठ्या विहिरीकडे गेला.

मित्रांनो, पाणी कोणाच्या हातचे आहे हे विचारण्याआधी त्यात कोणाचे पाय बुडाले ते पाहा. पाय बाहेर ठेवा, गाळून प्या. आणि तुमच्या विहिरीच्या काठावरची पायरी झिजली असेल तर तिला टाकी लावून घ्या. मला इथे बसवल्यावर गोमाजीने पहिल्याच दिवशी छिन्नी घेतली आणि माझ्या पाठीवर नव्या खाचा मारल्या. त्या खोल आणि चांगल्या आहेत. आता कोणी घसरत नाही.