भिंगाखालचे गाल

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण मला देवघरात शोधू नका. कर्जतच्या बाजारपेठेतल्या एका दवाखान्यात, तपासणीच्या खुर्चीशेजारी मी उभा असतो. माझ्या डोक्यात मोठे गोल भिंग आहे आणि त्याच्या कडेने पांढरा उजेड पडतो. डॉक्टर त्या भिंगातून माणसांची त्वचा पाहतात. आरसा लांबून बघतो, मी जवळून बघतो. म्हणूनच ठामपणे सांगतो, माझ्या पाहण्यात आजवर एकही कुरूप माणूस आलेला नाही.

ठाण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात मला जोडले. तिथून मी खोपोलीला, त्वचेच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे आलो. नायटा, खरूज, भट्टीवर भाजलेले हात, सगळे पाहिले. बरीच वर्षे मानाने काम केले. मग तिथे पडद्यावर चित्र दाखवणारे यंत्र आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्यच मला विसरले होते!

माळ्यावरून मला खाली काढले ते नमिराने. कर्जतच्या कोकणी मुसलमान घरातली ही मुलगी त्याच डॉक्टरांच्या हाताखाली शिकली. स्वतःचा दवाखाना काढताना तिने मला मागून घेतले. माझी मान ढिली झाली होती, तिला तिने बँडेजची पट्टी गुंडाळली. मला तिचे फार कौतुक वाटते. ती घाई करत नाही आणि पेशंटला खोटी आशा लावत नाही. त्यामुळे काही लोक तिच्यावर रुसून जातात, पण बहुतेक परत येतात.

असाच रुसून गेला होता किरण. पळसदरीच्या शेतकरी घरातला, खोपोलीच्या कारखान्यात नोकरीला. आला तेव्हा दाढी अशी दाट की गाल आहेत की नाहीत कळू नये. खुर्चीत बसल्यावर त्याने आधी दार लावायला सांगितले. नमिराने मला त्याच्या तोंडाजवळ ओढले आणि दाढीचे केस बाजूला सारले. दोन्ही गालांवर मुरमांचे खड्डे होते, आणि अधूनमधून ताजी, लाल मुरमेही.

शाळेत असल्यापासून त्याला हा त्रास होता. रक्त बिघडले म्हणून आई चंद्राबाईने त्याचे सुके मासे बंद केले. मित्राने दिलेल्या मलमाने गाल सोलून निघाले. उरलेसुरले त्याने स्वतः नखाने फोडले. मग दाढी आली आणि तो तिच्या आड जाऊन बसला.

आता मात्र पंचाईत झाली होती. आजकाल दाढीवाले नवरदेव खूप दिसतात, पण किरणच्या घरात हळद लागण्याआधी नवरदेवाची गुळगुळीत दाढी करायची रीत होती, आणि ती मोडायला कोणी तयार नव्हते. हळद पंधरवड्यावर आली होती. होणाऱ्या बायकोने, सुरभीने, त्याला दाढीतच पाहून होकार दिला होता.

"मॅडम, हळदीच्या आत गाल सपाट करा," तो म्हणाला. "ती भर मांडवात बघील आन् तिला वाटंल, मी फसवलं."

नमिराने नाही म्हटले. मुरूम आतवर सुजला की कातडीखालचा आधार झिजतो आणि वरची कातडी खचते, असे तिने समजावले. कुठे कुठे आतले धागे तिला खाली ओढून धरतात. यात रक्ताचा दोष नाही की अस्वच्छतेचा. आधी ताजी मुरमे औषधाने शांत करायची. मग बारीक सुयांनी टोचून त्वचेला नवा आधार उभारायला लावायचे, धागे आतून सोडवायचे. याला महिने लागतात. खड्डे उथळ होतात, पण पार नाहीसे होतील असे तिने कबूल केले नाही. आणि आत्ता सुया टोचून त्या ओल्या गालांवर हळद चोळली, तर आग होऊन काळे डाग पडायचे ते वेगळेच.

किरणचा चेहरा पडला. एका दिवसात गाल गुळगुळीत करून देणारा कोणीतरी त्याने मोबाईलवर शोधून ठेवला होता. तिकडेच जातो म्हणून तो उठला. नमिराने त्याला अडवले नाही. ती एवढेच म्हणाली, "तिला घेऊन या. मांडवात कळण्यापेक्षा इथे कळू दे."

मला वाटले, गेला हा हातचा. पण काही दिवसांनी तो सुरभीला घेऊन आला. तोंडावर रुमाल बांधलेला. खुर्चीत बसून त्याने रुमाल सोडला. दाढी तो स्वतःच काढून आला होता! मित्रांनो, मी धीराची माणसे पुष्कळ पाहिली, पण त्या क्षणी मला त्याच्याइतका धीट कोणी वाटला नाही.

सुरभी पुढे झाली आणि माझ्यातून पाहू लागली. बारीक गोष्ट मोठी करून दाखवणे हा माझा धर्म. त्या दिवशी तो मला नकोसा झाला. किरणने डोळे मिटून घेतले. तिने एक गाल नीट पाहिला, मग दुसरा.

मग हळूच तिने विचारले, "दुखतंय काय तुमाला?"

काय खाल्लेस, काय लावलेस, हे किरणला साऱ्या गावाने विचारले होते. दुखतंय का, हे कोणी विचारले नव्हते. त्याचे डोळे भरून आले.

"मुरमं दुखतात," तो म्हणाला. "खड्डे नाय दुखत."

"मग आदी मुरमांचं औषध घ्या. खड्डे मी बगितले आता. मांडवात मला नवीन काय दिसायचं नाय."

औषध त्याच दिवशी सुरू झाले. हळदीला गाल घासायचे नाहीत, नुसते बोट टेकवायचे, अशी तंबी चंद्राबाईला मिळाली आणि तिने ती पाळलीही. लग्नानंतर मुरमे शांत झाल्यावर सुयांचे उपचार चालू झाले. दोघे जोडीने येतात. खड्डे गेलेले नाहीत, पण बरेच उथळ झाले आहेत. किरणने पुन्हा दाढी वाढवलेली नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, मुरूम फोडू नका, कोणाचेही मलम गालाला फासू नका, आणि वेळेवर डॉक्टरांना दाखवा. आणि दुसऱ्या कोणाच्या गालावर खड्डे दिसले, तर उपाय सांगायला धावू नका. ते नमिरा बघून घेईल. तुम्ही फक्त विचारा, दुखतंय का.