सहा अक्षरांची पाटी

आमच्या व्हर्जिनियात गाडीच्या नंबरपाटीवर हवं ते नाव घालून मिरवायचं वेड घराघरात आहे. आमच्या कारवर 'रॉयनोला' होतं. रॉय माझा भाऊ आणि नोला मी, मिळून सात इंग्रजी अक्षरं. पप्पांच्या मोटरसायकलवर मात्र नुसतं 'रॉय'.

"मोटरसायकलची पाटी इवलीशी असते गं," पप्पा म्हणायचे. "सहाच अक्षरं मावतात. एका अक्षरानं राहिलीस बघ!"

मला ते पटलं होतं. दर शनिवारी ती मोटरसायकल मीच पुसायचे, पाटीसकट. एकदा म्हटलं, "पप्पा, मागे नुसता माझा 'एन' टाका ना, जागा आहे." रॉय खिदळला. "शेपटीसारखी लटकणार का तू माझ्यामागे?" पप्पाही पोट धरून हसले.

पुढे मी पाट्या देणाऱ्या सरकारी कचेरीतच खिडकीवर लागले. अर्जात अक्षरांचा अर्थ लिहावा लागतो, म्हणजे कुणी चावट मजकूर खपवू नये. लोक काय एकेक थापा मारतात! त्या वाचून आमची दिवसभर करमणूक होते.

आई आधीच गेली होती, मार्चमध्ये पप्पाही गेले. एप्रिलमध्ये रॉय कागद घेऊन माझ्याच खिडकीशी उभा. मोटरसायकल आणि ती पाटी त्याला आपल्या नावावर करून हवी होती.

"इथे सही टाक, नोला. सगळ्या मुलांची लागते म्हणे."

मी जुने अर्ज पडद्यावर काढले. कारचा अर्ज आईचा निघाला. अर्थाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'माझी दोन्ही मुलं'. मोटरसायकलचा अर्ज पप्पांचा. त्यावर लिहिलं होतं, 'माझं एकुलतं एक मूल'. सही पप्पांची, पण अक्षर रॉयचं.

मी पडदा त्याच्याकडे फिरवला.

"अगं, चौदा वर्षांचा होतो मी. पप्पांनी सांगितलं, मी लिहिलं."

"आणि तू काहीच बोलला नाहीस?"

"काय बोलायचं? मला आवडलं ते."

इतकी वर्षं मी बिचाऱ्या सातव्या अक्षराला बोल लावत आले होते.

"मग माझी सही कशाला?" मी अर्जावरच्या दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "एकुलता एक असशील तर इथे खूण कर. शपथेवर." वाटलं होतं, निदान आता तरी ओशाळेल.

त्यानं घड्याळात पाहिलं, खूण केली आणि खाली सही ठोकली. "झालं समाधान? तुझे रुसवे-फुगवे घरी काढू."

"झालं," मी म्हटलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

खोट्या शपथेचे कागद आमच्याकडे आतल्या साहेबांकडे जातात आणि तिथून कोर्टात. रॉय शाळेची बस चालवतो. असा गुन्हा नावावर लागला तर त्याची नोकरी राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन माझा जन्मदाखला आणला आणि त्याची नक्कल त्या अर्जाला टाचली. वडिलांच्या रकान्यात पप्पांचं पूर्ण नाव आहे. चांगलं लांबलचक आहे, पण मावलंय.